ब्रेगमनची सही आणि माझा डेव्हर्स

आमच्या बेसबॉलच्या फॅन्टसी लीगमध्ये फक्त अमेरिकन लीगचे खेळाडू चालतात. पुढचं सगळं रामायण यातूनच घडलं, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. मेजर लीग बेसबॉलचे ३० संघ. निम्मे अमेरिकन लीगमध्ये, निम्मे नॅशनल लीगमध्ये. आम्ही दहा जण मार्चच्या शेवटी न्यू जर्सीतल्या एका तळघरात जमतो आणि अमेरिकन लीगच्या १५ संघांतले खेळाडू बोली लावून वाटून घेतो. प्रत्येकाला २६० खोटे डॉलर आणि भरायला २३ जागा: १४ फलंदाज, ९ पिचर (चेंडू टाकणारे). मग सप्टेंबरअखेरपर्यंत त्या खेळाडूंनी खऱ्या मैदानावर जे केलं ते आपल्या खात्यात जमा. फलंदाजांच्या धावा, होमरन (थेट मैदानाबाहेर मारलेले फटके), आरबीआय (याच्या फटक्यावर किती धावा आल्या त्या), चोरलेले बेस (फटक्याविना धावत गाठलेला पुढचा टप्पा) आणि सरासरी. पिचरचे विजय, सेव्ह, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले), शिवाय ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) आणि व्हिप (इनिंगमागे बेसवर पोचू दिलेले फलंदाज). हे शेवटचे दोन जितके कमी तितके चांगले.

१९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी न्यूयॉर्कच्या ला रोटिसरी फ्रान्सेज या रेस्टॉरंटच्या नावाने हा खेळ मांडला, तेव्हा त्यांनीही एकच लीग घेतली होती, नॅशनल. आज बहुतेक लोक दोन्ही लीग मिळून खेळतात आणि आमच्यासारख्यांना जुन्या वळणाचे समजतात. ते खरंच आहे. आमचा कमिशनर, म्हणजे लीग चालवणारा, निवृत्त शाळामास्तर आहे आणि हिशेबाची वही अजून हाताने लिहितो.

ड्रीम११वर खेळलेल्यांना यातली अर्धी गोष्ट ओळखीची वाटेल. अर्धी वाटणार नाही, कारण इथे सामना संपला की संघ मोडत नाही. ऑक्शनमध्ये घेतलेले काही खेळाडू त्याच किमतीला पुढच्या वर्षी राखता येतात. त्यांना कीपर म्हणतात. कीपर असले की हिवाळा सुखाचा राहत नाही. खेळ ऑक्टोबरात संपतो, पण खेळाडूंचे करार नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालूच असतात, आणि कोणती सही आपल्या अंगावर येईल त्याचा नेम नसतो. आयपीएलचं बरं. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहला दोन दिवसांत सगळा बाजार उठला, ऋषभ पंत २७ कोटींना लखनऊकडे गेला, विषय संपला. शिवाय पंत कुठल्याही संघात गेला तरी खेळणार आयपीएलमध्येच. माझ्या हुआन सोटोचं तसं नव्हतं.

सोटो मी मार्च २०२४ मध्ये ४१ डॉलरना घेतला. तो नुकताच सॅन डिएगोहून न्यूयॉर्क यँकीजकडे, म्हणजे आमच्या हद्दीत आला होता, आणि तळघरात त्याच्यावरून चांगलीच चढाओढ झाली. त्याने पैसे फेडले: ४१ होमरन, १२८ धावा, १०९ आरबीआय. ऑक्टोबरात क्लीव्हलंडविरुद्ध दहाव्या इनिंगमध्ये तीन धावांचा होमरन मारून त्याने यँकीजना वर्ल्ड सिरीजमध्ये नेलं. तिथे ते डॉजर्सकडून हरले आणि सोटो फ्री एजंट झाला. मेजर लीगमध्ये सहा वर्षं काढली आणि हातातला करार संपला की खेळाडू मोकळा; ज्याला परवडेल त्याने न्यावा.

८ डिसेंबरला रविवारी रात्री बातमी आली. न्यूयॉर्क मेट्स, १५ वर्षं, ७६ कोटी ५० लाख डॉलर. यँकीजनी १६ वर्षांसाठी ७६ कोटी देऊ केले होते, असंही लगेच छापून आलं. माझा नवरा मेट्सचा. तो सोफ्यावरून उठून नाचायला लागला. माझा चेहरा बघून म्हणाला, "अगं, न्यूयॉर्कमध्येच राहिला की!"

ब्रॉन्क्समधून क्वीन्समध्ये, एवढंच त्याचं स्थलांतर. सबवेने जाता येतं. पण मेट्स नॅशनल लीगचे, त्यामुळे आमच्या खेळात सोटो त्या रात्रीपासून अस्तित्वातच नव्हता. भरपाई नाही, बदली नाही, ४१ डॉलरची नोंद खोडली की झालं. पुढच्या वर्षी त्याने मेट्ससाठी ४३ होमरन मारले आणि वर ३८ बेस चोरले. यँकीजकडे असताना चोरलेले अवघे सात होते. नवरा दर चोरीनंतर मला हाक मारायचा.

दुःख दोन दिवस पुरतं, मग वही उघडावी लागते. सोटो गेला म्हणजे फक्त माझा एक खेळाडू गेला, असं होत नाही. त्याच आठवड्यात ह्यूस्टनने काइल टकरला शिकागो कब्जकडे पाठवलं. डिसेंबर संपता संपता बाल्टिमोरचा पिचर कॉर्बिन बर्न्स ॲरिझोनाकडे गेला, सहा वर्षं, २१ कोटी. तिघेही नॅशनलमध्ये. आमच्या ऑक्शनमध्ये या तिघांवर मिळून शंभर डॉलरच्या वर सहज गेले असते. ते पैसे कुठे जात नाहीत. दहा जणांचे २६०० डॉलर तेवढेच राहतात, माल कमी होतो आणि उरलेल्या मालाचा भाव चढतो. अटलांटाहून मॅक्स फ्रीड यँकीजकडे आला, ॲरिझोनाहून ख्रिश्चन वॉकर ह्यूस्टनला आला, पण ही भर गेलेल्यांच्या तोडीची नव्हती. तेव्हा ज्यांच्याकडे बॉबी विट किंवा होझे रामिरेझ जुन्या भावात राखलेले होते, ते घरबसल्या श्रीमंत झाले. ज्यांनी ऑक्शनसाठी पैसे साठवून ठेवले होते, त्यांच्या हातातल्या डॉलरची किंमत उतरली. मी दुसऱ्या गटात होते, सोटोचे ४१ परत आल्यामुळे नाइलाजाने.

यँकीजचाच ॲरन जज आमच्या गटातल्या एका जुन्या खेळाडूकडे होता, ४६ डॉलरना. हा गृहस्थ ट्रक चालवतो आणि आकडे माझ्यापेक्षा जास्त पाठ ठेवतो. त्याने फोन करून विचारलं, सोटो गेल्यावर जजचं काय होईल? २०२४ मध्ये सोटो दुसऱ्या क्रमांकावर खेळायचा, जज तिसऱ्या. सोटो शंभरातल्या जवळजवळ बेचाळीस वेळा बेसवर पोचायचा, म्हणजे जज मैदानात आला की पुढे माणूस उभा असायचाच. जजचे १४४ आरबीआय त्यातून आले होते. मी म्हटलं, होमरनला काही होणार नाही, आरबीआय मात्र घसरतील, तू तीस कमी धरून चाल. तो म्हणाला, तू मला घाबरवून स्वस्तात मागशील. मागितलाच मी, पण त्याने दिला नाही. २०२५ मध्ये जजने होमरन मारले ५३, आधीच्या वर्षी होते ५८. आरबीआय १४४ वरून ११४ वर आले. पण तो स्वतः दुसऱ्या क्रमांकावर सरकल्यामुळे त्याच्या धावा १२२ च्या १३७ झाल्या आणि ०.३३१ च्या सरासरीने त्याने फलंदाजीचा किताबही नेला. ट्रकवाल्याने बरोबर केलं. एक दार बंद होताना दुसरं कुठलं उघडतंय, हे माझ्या हिशेबात पुरतं आलं नव्हतं. त्याला काही हिशेब नव्हता, त्याला फक्त जज द्यायचा नव्हता.

धावा, आरबीआय, पिचरचे विजय हे आकडे अर्धे खेळाडूचे आणि अर्धे त्याच्या संघाचे असतात. याचं मला माहीत असलेलं सगळ्यात ठळक उदाहरण गॅरेट क्रोशे. २०२४ मध्ये तो शिकागो व्हाइट सॉक्सकडे होता आणि त्या संघाने १२१ सामने हरून आधुनिक बेसबॉलचा विक्रम केला. क्रोशे उत्तम टाकायचा आणि हरायचा: सहा विजय, बारा पराभव. डिसेंबरात तो बोस्टनला गेला आणि २०२५ मध्ये त्याचे विजय झाले अठरा. हात तोच.

सेव्हचा बाजार तर पूर्ण सह्यांवरच चालतो. शेवटची इनिंग टाकून निसटती आघाडी टिकवली की सेव्ह मिळतो, आणि ते काम संघात सहसा एकाच क्लोजरकडे असतं. त्यामुळे एखाद्या संघाने नवा रिलीव्हर (सामन्यात मागाहून येणारा पिचर) घेतला की कराराची रक्कम बघू नका, मॅनेजर पत्रकारांना नववी इनिंग कोणाची म्हणून सांगतो ते ऐका. टोरांटोने जेफ हॉफमनला तीन वर्षांसाठी ३ कोटी ३० लाख डॉलर देऊन थेट क्लोजर म्हणून घेतलं, आणि त्याचा ईआरए चारच्या वर जाऊनही त्याने ३३ सेव्ह केले. बोस्टनने अरोल्डिस चॅपमनला एका वर्षासाठी १ कोटी साडेसात लाखांना घेतलं, तेव्हा काम त्याला मिळणार की लियाम हेंड्रिक्सला, हे मार्चमध्येही नक्की नव्हतं. त्या गोंधळामुळे चॅपमन मला नऊ डॉलरना मिळाला. ३२ सेव्ह, ईआरए १.१७. माझ्या संघातली वर्षातली सगळ्यात फायद्याची आणि सगळ्यात आनंदाची खरेदी हीच. तिचा इथे एवढाच उल्लेख करते, कारण आनंदाबद्दल सांगण्यासारखं फार नसतं.

आता डेव्हर्स.

राफाएल डेव्हर्स बोस्टन रेड सॉक्सचा थर्ड बेसमन, म्हणजे तिसऱ्या बेसवर क्षेत्ररक्षण करणारा. २०२३ च्या जानेवारीत त्याने बोस्टनशी दहा वर्षांचा, ३१ कोटी ३५ लाखांचा करार केला होता. असा खेळाडू कीपर म्हणून सोन्यासारखा: करार लांबचा, संघ तोच, मैदान तेच, जागा तीच. माझ्याकडे तो २६ डॉलरना होता. सोटोच्या वेळी जी धाकधूक होती तिचा इथे प्रश्नच नव्हता. म्हणून ऑक्टोबरातच मी त्याचं नाव यादीत पहिलं लिहिलं होतं.

१२ फेब्रुवारी २०२५. फ्लोरिडात सराव शिबिरं उघडली होती आणि तोपर्यंत घर न मिळालेल्या मोठ्या नावांत एक उरलं होतं, ॲलेक्स ब्रेगमन. ह्यूस्टनचा थर्ड बेसमन. त्या रात्री तो बोस्टनला गेला, तीन वर्षं, १२ कोटी, आणि हवं तर एका वर्षानंतर सोडून जायची मुभा. आमच्या ग्रुपवर सगळे ब्रेगमनबद्दलच बोलायला लागले. बोस्टनच्या मैदानाच्या, फेनवे पार्कच्या, डाव्या बाजूची ती ३७ फुटी हिरवी भिंत त्याच्या फटक्यांसाठीच बांधली आहे, डबल (दोन बेसचे फटके) किती होतील, त्याची किंमत किती. मी मात्र विचार करत बसले की एका थर्ड बेसवर दोन माणसं कशी उभी राहणार.

ब्रेगमन गोल्ड ग्लव्ह, म्हणजे उत्तम क्षेत्ररक्षणाचा किताब, मिळवलेला. डेव्हर्सच्या चुका दर वर्षी मोजल्या जायच्या. कोण हलणार हे उघड होतं, पण डेव्हर्सने पत्रकारांना सांगून टाकलं की थर्ड बेस माझी जागा आहे आणि मी ती सोडणार नाही. मग मार्चपर्यंत नमतं घेऊन तो डीएच झाला, म्हणजे फक्त बॅटिंग करणारा. आमच्या नियमात आदल्या वर्षी वीस सामने ज्या जागेवर खेळला ती जागा या वर्षी चालते, त्यामुळे २०२५ पुरता तो माझा थर्ड बेसमनच होता. पण २०२६ मध्ये तो एकुलत्या एका युटिलिटीच्या (कुठलाही फलंदाज चालतो अशा) जागेवरच बसू शकला असता, आणि २६ डॉलरच्या थर्ड बेसमनची आणि २६ डॉलरच्या युटिलिटीवाल्याची किंमत एक नसते. ब्रेगमनच्या सहीने माझ्या खेळाडूच्या एका आकड्यालाही धक्का न लावता त्याचं पुढचं वर्ष कापलं.

डेव्हर्स विकायचा विचार केला मी. भाव मिळत नव्हता, आणि हंगाम सुरू झाल्यावर तर अजिबात मिळेना, कारण पहिल्या पाच सामन्यांत गडी १५ वेळा स्ट्राइकआउट झाला. तोही विक्रमच. ट्रकवाल्याने मला सहानुभूतीचा मेसेज पाठवला, सोबत बदल्यात एक राखीव कॅचर देऊ केला. मी उत्तर दिलं नाही. हळूहळू गाडी रुळावर आली, मे महिन्यात तर डेव्हर्स धडाधड फटके मारत होता.

मधल्या काळात दुसऱ्याच टोकाला गाठ पडत होती. २ मे रोजी बोस्टनचा फर्स्ट बेसमन ट्रिस्टन कसास धावताना पडला, गुडघ्याचा स्नायुबंध फाटला आणि त्याचा हंगाम संपला. संघाने डेव्हर्सला विचारलं, फर्स्ट बेसवर उभा राहशील का? त्याने चारचौघांत नकार दिला: आधी तुम्हीच मला ग्लव्ह बाजूला ठेवायला सांगितलंत, आता पुन्हा हातात देता? मालक जॉन हेन्री विमानाने कॅन्सस सिटीला जाऊन त्याला भेटून आले. मला डेव्हर्सचं म्हणणं आजही पटतं. पण फॅन्टसीत कोण बरोबर याचे गुण नसतात. फर्स्ट बेसची पात्रता फुकटात मिळत होती, ती त्याने घ्यावी म्हणून मी देवाला साकडं घालायचं बाकी ठेवलं होतं.

१५ जूनला, रविवारी, फेनवेवर बोस्टनने यँकीजना २-० हरवलं. डेव्हर्सने होमरन मारला. मी खुशीत वही लिहिली: ७३ सामने, १५ होमरन, ५८ आरबीआय. संध्याकाळी फोन वाजायला लागला. बोस्टनने डेव्हर्सला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सला देऊन टाकलं होतं, त्याच्या सगळ्या उरलेल्या करारासकट. जायंट्स म्हणजे नॅशनल लीग.

आमच्या नियमाप्रमाणे आधी जमलेले आकडे राहतात, पुढचे मोजत नाहीत आणि जागा रिकामी होते. डिसेंबरात सोटो स्वतःच्या सहीने गेला, जूनमध्ये डेव्हर्स दुसऱ्याच्या. फेब्रुवारीत ब्रेगमन आला नसता तर डेव्हर्स थर्ड बेसवर राहिला असता, ग्लव्हचा वाद झाला नसता आणि कसास पडल्यावर फर्स्ट बेसचा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचला नसता, असं मी धरून चालते. वर गंमत अशी की सॅन फ्रान्सिस्कोत थर्ड बेसवर मॅट चॅपमन होता, त्यामुळे डेव्हर्स तिथे जाऊन मुकाट फर्स्ट बेसवर उभा राहिला.

मोठा माणूस गेला की ग्रुपवर सगळे बदल्यात आलेल्यांची नावं शोधतात. बोस्टनकडे आले त्यांत जॉर्डन हिक्स दुखापतीच्या यादीवर होता आणि काइल हॅरिसनला लगेच मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पातळीवर, धाडलं. त्या दोघांवर आमच्यातल्या तिघांनी हंगामी बजेटमधून बोली लावल्या. मी बोस्टनच्या बाकावर पाहिलं. डीएचची खुर्ची रिकामी झाली होती आणि मासाताका योशिदा खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर परतीच्या वाटेवर होता. डेव्हर्स असेपर्यंत त्याला खेळायला जागाच नव्हती. मला तो दोन डॉलरना मिळाला. जुलैत आला, सरासरी बरी ठेवली, होमरन जेमतेम चार. डेव्हर्सची जागा भरून निघाली असं म्हणवत नाही, पण रिकाम्या खुर्चीपेक्षा बरा.

मी पाचवी आले. ब्रेगमन आमच्या कमिशनरने ऑक्शनमध्ये घेतला होता. मांडीच्या दुखापतीने त्याचे सात आठवडे गेले आणि कमिशनर सहावा आला. मला त्याचं दुःख झालं असं नाही.

पुढे एक मुद्दा निघाला. हंगामाच्या मध्येच नॅशनलमध्ये गेलेल्या खेळाडूचे आकडे वर्षअखेरपर्यंत मोजावेत, असा प्रस्ताव ट्रकवाल्याने मांडला, बहुधा माझ्यावरच्या दयेपोटी. बऱ्याच लीगमध्ये असा नियम आहे. मी विरोधात मत दिलं. सगळ्यांना वाटलं माझा काहीतरी घोळ झालाय. तसं नव्हतं. दोन्ही लीग मिळून खेळणाऱ्यांना डेव्हर्सच्या बदलीने काय फरक पडला? मैदान बदललं, चार होमरन इकडेतिकडे. आम्हाला मात्र जूनच्या एका संध्याकाळी संघ उभा-आडवा नव्याने बांधावा लागतो. त्या कटकटीसाठीच तर मी वर्षभर बोस्टनच्या बाकावर कोण बसलंय ते वाचत असते. प्रस्ताव पडला. कमिशनर तर ठामपणे विरोधात होता. जुना नियम तो जुना नियम, म्हणाला.

नोव्हेंबरात ब्रेगमनने ती मुभा वापरली आणि पुन्हा मोकळा झाला. डिसेंबरात पीट अलोन्सो मेट्स सोडून बाल्टिमोरला आला, पाच वर्षं, १५ कोटी ५० लाख. नवरा दोन दिवस जेवताना बोलला नाही. आमच्या ग्रुपवर दिवाळी, कारण होमरन मारणारा असा माणूस नॅशनलमधून आपल्याकडे क्वचितच येतो, आणि मार्चसाठी प्रत्येकाने मनातल्या मनात चाळीस डॉलर बाजूला काढले. मी वहीत आधी बाल्टिमोरचा फर्स्ट बेस काढला. रायन माउंटकॅसल, कोबी मेयो. मेयो माझ्याकडे सहा डॉलरना आहे. थर्ड बेसवर तो खेळू शकतो, पण तिथे जॉर्डन वेस्टबर्ग.

जानेवारीत ब्रेगमनने शिकागो कब्जशी पाच वर्षांचा करार केला. नॅशनल लीग. त्याच रात्री कमिशनरचा फोन आला. हिवाळ्यात असा कीपर गेला तर ऑक्शनमध्ये दहा डॉलर जास्तीचे द्यावेत, असा एक नियम त्यांना सुचला होता. पुढच्या बैठकीत मतदानाला टाकू का, म्हणून विचारत होते.

म्हटलं, टाका की. माझं मत तुम्हाला माहीत आहे.